हिरकणी उतरली कशी?

महाडमध्ये राहणाऱ्याकडे पाहुणे आले की रायगडाची फेरी चुकत नाही. मीही वर्षातून एकदोनदा कुणाला ना कुणाला घेऊन जाते. गडावर ठरलेल्या जागी ठरलेली गोष्ट ऐकू येते. पायथ्याच्या वाडीतली गवळण, कोजागिरीची रात्र, दूध घालून परतायला झालेला उशीर, बंद झालेले दरवाजे, घरी तान्हं बाळ. हिरकणी कडा उतरून गेली. महाराजांनी तिचं कौतुक केलं आणि तिथे बुरूज बांधला. शेवटी 'आईचं काळीज' हे शब्द येतात. ऐकणारे कड्यावरून खाली डोकावतात, फोटो काढतात.

गेल्या हिवाळ्यात माझ्याबरोबर डोंगर चढणारी एक मैत्रीण होती. तिने खाली बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "पहिला पाय कुठे ठेवला असेल तिने?"

आमच्यातल्या कुणालाच उत्तर देता आलं नाही. ही दंतकथा आहे, त्यामुळे पुरावा मागण्यात अर्थ नाही. पण दंतकथेनेही काय लक्षात ठेवलं ते बघा. बाळ लक्षात राहिलं, पाय विसरले गेले. रोज गड चढणारी बाई दगड ओळखत असणार. कुठला खडक दवाने निसरडा होतो, कुठल्या खोबणीत बोटं बसतात, कुठून परत फिरता येत नाही, हे तिला ठाऊक असणार. तिने काहीतरी अंदाज बांधला असणार. ते सगळं मायेत विरघळून गेलं. आज एसटीची 'हिरकणी' गाडी आहे, स्तनदा मातांसाठी 'हिरकणी कक्ष' आहेत, २०१९ला त्याच नावाचा सिनेमा आला. सन्मान भरपूर आहे, पण तो आईचा. कडा उतरणारीचा नाही.

हाच प्रश्न मला पुन्हा भेटला तो एका भलत्याच ठिकाणी, पोकरच्या टेबलावर.

२० जानेवारी २०१८ला राष्ट्रपती भवनात ११२ स्त्रियांचा सत्कार झाला. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाचा तो उपक्रम होता. आपापल्या क्षेत्रात 'पहिल्या' ठरलेल्या स्त्रियांचा. त्यांत मुस्कान सेठी होती, व्यावसायिक पोकर खेळणारी. जुगाराचं नाव काढलं की घरात आवाज खाली येतो अशा देशात पत्ते खेळणाऱ्या बाईला राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला, ही गोष्ट छोटी नव्हती. त्याच वर्षी निकिता लूथरने लास वेगासच्या 'वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर'मध्ये जुसेप्पे पांतालेओबरोबर जोडीच्या स्पर्धेत ब्रेसलेट जिंकलं. हे ब्रेसलेट म्हणजे या खेळातलं सुवर्णपदक. ते मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री.

मी तेव्हा दोघींबद्दलच्या बातम्या शोधून शोधून वाचल्या. 'पहिली' हा शब्द सगळीकडे होता. घरच्यांचा विरोध होता, पुरुषांच्या खेळातलं धाडस होतं. नव्हता तो एकही डाव. हातात कुठली पानं होती, समोरच्याने काय केलं, तिने काय ओळखलं, का थांबली, का पुढे गेली, यातलं काही नाही. सचिनच्या शतकाची बातमी आपण एकही फटका न सांगता लिहिली असती का?

पोकरमध्ये डाव न सांगणं जास्तच खटकतं. सर्वांत प्रचलित प्रकारात प्रत्येकाला दोन पानं झाकून मिळतात आणि पाच पानं सर्वांसाठी टेबलावर टप्प्याटप्प्याने उघडतात. प्रत्येक टप्प्यावर पैसे लावायचे किंवा डाव सोडायचा. एका डावात नशीब मोठं असतं, हजारो डावांत ते विरत जातं आणि निर्णय उरतात. त्यामुळे इथे निकालावरून खेळाडू ओळखता येत नाही. निर्णय वाचावा लागतो.

याचं माझं आवडतं उदाहरण बार्बरा एनराइट. १९९५ची वर्ल्ड सिरीज, मुख्य स्पर्धा, २७३ खेळाडू. अंतिम टेबलापर्यंत पोचलेली ती पहिली स्त्री. तिच्या हातात दोन अठ्ठ्या होत्या. तिने सगळ्या चिप्स पुढे सरकवल्या. समोरच्याकडे चौकटची छक्की आणि तिर्री होती, आपण मेंढीकोटात तोंड वाकडं करून उचलतो तसली पानं. असा सामना पाच वेळा झाला तर साधारण चार वेळा अठ्ठ्या जिंकतात. त्या दिवशी पाचवी वेळ होती. समोरच्याच्या दोन जोड्या जमल्या आणि एनराइट पाचव्या क्रमांकावर बाहेर पडली.

नोंदवहीत लिहिलं गेलं, 'पाचवी'. पण तिचा निर्णय बरोबर होता. पुन्हा तीच पानं आली तर पुन्हा तेच करावं, इतका बरोबर. तिच्यानंतर त्या टेबलापर्यंत स्त्री पोचायला २०२५ उजाडलं. स्पेनची लिओ मार्गेट्स ९,७३५ खेळाडूंमधून सातवी आली. मध्ये तीस वर्षं. आता कुणी म्हणेल, पाचवी आणि सातवी, यात सन्मान कसला? असं विचारणाऱ्याला या खेळाचं मर्मच कळलेलं नाही, आणि सन्मानाचंही.

एनराइटला २००७मध्ये पोकरच्या हॉल ऑफ फेममध्ये घेतलं गेलं. तिथे जाणारी ती पहिली स्त्री. पुढच्याच वर्षी स्त्रियांसाठी वेगळा हॉल ऑफ फेम सुरू झाला आणि त्याच्या पहिल्या चौघींतही ती होती. या वेगळ्या दालनाबद्दल माझं मत दोन्हीकडे ओढलं जातं. मुख्य दालनात २०१५पर्यंत तीनच स्त्रिया होत्या. दार इतकं अरुंद असेल तर आपलं घर बांधणं समजू शकतं. पण वेगळ्या दालनाचा एक धोका असतो. मोठ्या दालनातल्यांना वाटायला लागतं की बायकांची सोय झाली, आता आपण मोकळे.

वर्ल्ड सिरीजमध्ये स्त्रियांची स्वतंत्र स्पर्धा १९७७पासून आहे. तिथे मजा म्हणून पुरुष नाव नोंदवू लागले आणि कायद्याने त्यांना अडवता येईना. मग २०१३ला आयोजकांनी प्रवेशशुल्क दहा हजार डॉलर ठेवलं आणि स्त्रियांना नव्वद टक्के सूट दिली. युक्ती झकास आहे. पण बायकांना निवांत खेळू देण्यासाठी इतकी गणितं करावी लागतात, हेही त्यात दिसतं.

आपल्याकडे दुसऱ्या बाजूने दार ठोठावलं गेलं, बुद्धिबळात. वासंती, जयश्री आणि रोहिणी या खाडिलकर भगिनी, 'नवाकाळ'कार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या घरातल्या. स्त्रियांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९७४ला झाली, ती वासंतीने जिंकली. रोहिणीने पुढे ते विजेतेपद पाच वेळा मिळवलं. पण मला महत्त्वाचं वाटतं ते १९७६. तेरा वर्षांची रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळायला बसली. गदारोळ झाला, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. शेवटी जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स यूव यांनी निर्णय दिला की राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून स्त्रियांना वगळता येणार नाही. एका मराठी मुलीमुळे जगाचा नियम स्पष्ट झाला. हा इतिहास आपण किती वेळा सांगतो? आणि सांगतो तेव्हा तिचा एक तरी डाव पटावर मांडून दाखवतो का?

इथवर वाचून कुणी म्हणेल, बुद्धिबळ ठीक आहे, पण पोकरचं कौतुक कशाला? त्यात पैसा आहे, बरबादी आहे. हा आक्षेप मी उडवून लावणार नाही. आमच्या महाड-पोलादपूरवरूनच गोव्याचा महामार्ग जातो. कशेडीचा घाट ओलांडून पुढे जाणाऱ्या गाड्यांपैकी काही मांडवीतल्या कॅसिनो बोटींवर पोचतात, हे इथल्या चहाच्या टपरीवरही माहीत असतं. आणि बोटीपर्यंत जायचीही गरज नव्हती. माझ्या ओळखीतल्या एका मुलाने शेतीच्या अवजारांसाठी ठेवलेले पैसे मोबाइलवरच्या रमीत घालवले, घरात बसून, आवाज बंद करून. पोकरमध्ये एक जिंकतो ते दुसऱ्याचे पैसे असतात आणि टेबल चालवणारा मधल्या मध्ये आपला वाटा काढून घेतो. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, कौशल्याचे असोत की नशिबाचे. त्यामागे अशीच घरं होती.

म्हणूनच सन्मान आणि जाहिरात यांतला फरक इथे कळायला हवा. व्हिक्टोरिया कोरेन मिचेल ही ब्रिटिश लेखिका युरोपियन पोकर टूरची मुख्य स्पर्धा जिंकणारी पहिली स्त्री, लंडन, २००६. २०१४ला सान रेमोमध्ये तिने ती पुन्हा जिंकली आणि दोनदा जिंकणारी पहिली व्यक्ती ठरली, स्त्री-पुरुष दोघांतही. त्याच वर्षी तिला करारबद्ध केलेल्या कंपनीने ऑनलाइन कॅसिनो सुरू केला. तिने करार सोडला. तिचा मुद्दा सरळ होता. जिथे खेळणारा शेवटी हरणारच असं गणित आहे, तिथे मी माझा चेहरा देणार नाही. तिच्या दोन विजेतेपदांइतकाच हा निर्णय मला मोठा वाटतो. कधी डाव सोडायचा हे तिला कळत होतं.

निर्णय वाचायचा कसा, हे मला शिकवलं मारिया कोनिकोवाच्या 'द बिगेस्ट ब्लफ' या २०२०च्या पुस्तकाने. कोनिकोवा मानसशास्त्राची अभ्यासक. सुरुवात केली तेव्हा पत्त्यांच्या कॅटमध्ये किती पानं असतात हेही तिला नीट माहीत नव्हतं. एरिक सायडेल या दिग्गजाकडे ती शिकली आणि २०१८मध्ये बहामाजमधली एक मोठी स्पर्धा जिंकली. पुस्तकातला माझा आवडता भाग जिंकण्याचा नाही. पानांनी दगा दिल्याची रडकथा सायडेलला ऐकायची नसते. निर्णयाबद्दल प्रश्न असेल तर बोल, एवढंच. आणि तपासता तपासता कोनिकोवाला दिसतं की चांगली पानं असूनही ती मागे सरते आहे, कारण आयुष्यभर तिला समोरच्याला न दुखवण्याचं वळण लागलंय. हे वाचताना मी पुस्तक खाली ठेवलं होतं. पुस्तकाच्या मर्यादाही आहेत. प्रत्येक डावातून जगण्याचा धडा काढायची तिला घाई आहे, आणि टेबलावर हरून उठणारी माणसं तिच्या पानांत फार थोडा वेळ दिसतात. पण ते पुस्तक डाव सांगतं, आणि बाकीचे सन्मान नेमके तिथेच गप्प बसतात.

मग मीही एक डाव सांगते. पोलादपूर तालुक्यातल्या आमच्या घरी गौरीच्या रात्री जागरणाला पत्ते असतात, पैसे न लावता. माझी आत्या मेंढीकोट खेळते. एका वर्षी काकांनी किलवरचा राजा टाकला. आत्याकडे एक्का होता. तिने दुर्री टाकली. हात काकांचा झाला. एक्का पडला नाही तेव्हा काकांनी हिशेब केला, विरोधकांकडे असता तर त्यांनी मारला असता, म्हणजे तो माझ्या भिडूकडे. भिडूने हिशेब केला, राजा उतरला म्हणजे एक्काही काकांकडेच. दोन हातांनंतर भिडूची उतारी आली आणि त्याने निर्धास्तपणे किलवरची दश्शी टाकली. शेवटचं पान आत्याचं होतं. तिने एक्का ठेवला, मेंढी उचलली आणि चहा कुणाकुणाला हवाय ते विचारलं. मधल्या काळात कुणाकडचं किलवर संपलं असतं, तर हुकूम पडून एक्का फुकट गेला असता. तिला ते ठाऊक होतं.

दोन वर्षांपूर्वी गावातल्या हळदीकुंकवाच्या कार्यक्रमात आत्याचा सत्कार झाला. सुगरण, सोशिक, मुलांना शिकवून मोठं केलेली. शब्दन्‌शब्द खरा होता. शाल घेऊन ती खाली आली तेव्हा मी विचारलं, "आत्या, तेव्हा एक्का का धरून ठेवलास?"

तिने मला शेजारी बसवलं आणि तेव्हा कुणाच्या हातात काय असणार याचा हिशेब पानापानाने सांगितला. पंधरा वर्षं झाली होती त्या डावाला. आधी कुणी विचारलंच नव्हतं.