‘नाही’चा रकाना

फोन घ्यायच्या आधी एकाच कंपनीचे टच फोन शेजारीशेजारी मांडून त्यांची माहितीपत्रकं वाचायची म्हटली, तर २००८ ते २०१० या काळातल्या नोकियाइतका खुमासदार मजकूर मला दुसरा माहीत नाही. ५८०० एक्स्प्रेसम्युझिक, एन९७, ५५३०, ५२३०, एक्स६, ५२३३. नावांना ना क्रम, ना अर्थ. आकडा मोठा तो फोन वरचा, असं मानून जाणारं गिऱ्हाईक ५५३० आणि ५२३० समोर आले की तिथेच गोंधळणार.

वाचन ५८०० पासून सुरू करावं, कारण बाकीच्यांचं कापड याच ताग्यातलं आहे. ऑक्टोबर २००८ मध्ये जाहीर झालेल्या या फोनच्या पत्रकात जवळपास सगळ्या ओळींपुढे ‘आहे’ असतं. थ्रीजी आहे, वायफाय आहे, जीपीएस आहे, मागे कार्ल झाइसची काच आणि फ्लॅश आहे, व्हिडिओ कॉलसाठी पुढेही कॅमेरा आहे. खोक्यात आठ जीबीचं कार्ड, आणि गिटारच्या नखीसारखं एक चिमुकलं साधन. ही नखी मला फार बोलकी वाटते. पडदा दाबाने चालणारा, म्हणून बोटाच्या पेरापेक्षा नख बरं, आणि नखापेक्षा नखी. संगीताचा फोन म्हणून तिला गिटारचं रूप दिलं, आणि पडद्याची उणीव सजावट होऊन बसली. जाहिरातीची कला म्हणतात ती हीच.

पुढचे फोन वाचताना मात्र ‘नाही’ कुठे लिहिलंय ते शोधावं लागतं. ५५३० मध्ये वायफाय आहे, पण थ्रीजी नाही, जीपीएस नाही. ५२३० मध्ये नेमकं उलट: थ्रीजी आणि जीपीएस आहेत, वायफाय गेलं, फ्लॅश गेला, कॅमेरा दोन मेगापिक्सेलवर आला. स्वस्तातल्या एका फोनला जे दिलं ते दुसऱ्याकडून बेमालूम काढून घेतलेलं. दोन्ही हवं असेल तर पुन्हा ५८०० कडे या, थोडे पैसे जास्त मोजा. तारांकित अटीपेक्षा ही वगळण्याची रचना अधिक चतुर आहे. यात खोटं एक अक्षर नाही, आणि तरी दोन पत्रकं हातात धरल्याशिवाय खरं काही कळत नाही.

५२३३ हा याच कसबाचा टोकाचा नमुना. ५२३० चंच शरीर, तोच ३.२ इंची पडदा. थ्रीजी आणि जीपीएसही उतरवून ठेवलेले. आपल्याकडे तो स्वस्त टच फोन म्हणून हातोहाती दिसू लागला, आणि त्यात तेव्हा वावगं काही नव्हतं. थ्रीजी लहरींचा लिलाव २०१० च्या मे महिन्यात संपला. त्याआधी सरकारी कंपन्या सोडल्या तर थ्रीजी होतंच कुणाकडे? नसलेल्या रस्त्यासाठी गाडीचे पैसे का भरा, हा हिशेब रोकडा होता. मात्र त्याच वर्षाच्या अखेरीस खासगी कंपन्यांचं थ्रीजी सुरू झालं, आणि कालपर्यंत निरुपद्रवी असलेली ती ‘नाही’ची ओळ बोचायला लागली. जीपीएसच्या ओळीचंही असंच झालं, फक्त दिशा वेगळी. जानेवारी २०१० मध्ये नोकियाने नकाशावरची वाट दाखवण्याची सोय फुकट केली, आणि ५२३० सारख्या साध्या फोनमधल्या त्या ओळीला एकदम वजन आलं.

आता पडद्याची ओळ. ती सगळेच घाईघाईने वाचतात, कारण सहाही ठिकाणी ६४० बाय ३६० हेच लिहिलेलं. पण इंच सारखे नाहीत! ५५३० चा पडदा २.९ इंचांचा, म्हणजे एका इंचात सुमारे २५३ ठिपके. एन९७ चा ३.५ इंचांचा, तिथे तेच ठिपके पसरून २१० च्या आसपास. थोडक्यात, कंपनीच्या मिरवण्याच्या फोनवर अक्षरं सर्वांत विरळ आणि धाकट्या फोनवर सर्वांत रेखीव. मोठा पडदा म्हणजे चांगला पडदा, ही समजूत पत्रकाने आपणहून दुरुस्त केली नाही. ते त्याचं कामही नव्हे.

एक्स६ मध्ये बोटाच्या हलक्या स्पर्शाने चालणारा पडदा आला, आणि नखीची गरज संपली. बदल्यात जादा कार्डाची खाच गेली. हे घराणं काही दिलं की काही घेतल्याशिवाय राहत नाही.

पण माझ्या दृष्टीने या सगळ्या मजकुराचं मर्म, खरेदीला निघालेला माणूस जी ओळ विचारतच नसे, तिच्यात आहे. एन९७ ला बाहेर सरकणारा कीबोर्ड, ३२ जीबी साठा, पाच मेगापिक्सेलचा कॅमेरा. आत मात्र ५८०० चाच ४३४ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि तेवढीच १२८ एमबी रॅम. आणि फोनची मूळ ‘सी’ मेमरी तर इतकी चिमटीभर की ३२ जीबी रिकामे असतानाही जागा संपल्याची तक्रार ऐकू येई. जिथे सहाजणांत फरकच नव्हता ती ओळ तुलनेत मोजली जात नसे, आणि फोन अडखळायचा तो नेमका तिच्यामुळे. म्हणून मला यातला ५२३० आवडतो. त्याच्याकडेही तोच प्रोसेसर, तेवढीच रॅम, पण त्याने त्याहून मोठं काही असल्याचा आव आणला नाही, आणि किंमतही तशीच लावली.