दोन कपाटांतला एक लेखक

पेणच्या एका वाचनालयात मी 'हाकामारी' मागितली, तेव्हा बाईंनी रहस्य-भयकथांच्या कपाटाकडे बोट दाखवलं. 'दंशकाल' मागितली, तर ड्रॉवरमधून किल्ली काढून काचेचं कपाट उघडलं. लेखक दोन्हींचा एकच, हृषीकेश गुप्ते. त्यांच्याविषयी बोलताना एक वाक्य हटकून कानावर येतं : भयकथा मागे टाकून ते गंभीर साहित्याकडे वळले. या 'वळले'चा मला मनस्वी राग येतो.

कुठून कुठे वळले? 'दंशकाल'मध्ये कोकणातल्या एका घराचं वेड, वासना आणि अंधश्रद्धा उलगडत जातात. ती उलगडतात कशी, ते बघा. कुठली गोष्ट किती सांगायची आणि कुठवर झाकून ठेवायची, याचा अंदाज 'अंधारवारी'च्या भयकथा लिहिताना कमावलेला आहे. दाराआडून मोठ्यांचं बोलणं ऐकणाऱ्या मुलाला निम्मंच कळतं आणि उरलेल्या निम्म्याची त्याला धास्ती वाटते. भयकथा ज्याने जीव लावून लिहिली नाही, त्याला ही धास्ती चारशे-पाचशे पानं टिकवता येणार नाही.

'गोठण्यातल्या गोष्टी' तर आमच्या दाराशी घडतात. दिवा-रोहा गाडी पेणहून निघाली की कासूनंतर नागोठणं येतं. अंबा नदीवरचा जुना दगडी पूल बघितलेल्या वाचकाला पुस्तकातलं गोठणं कुठलं, हे सांगावं लागत नाही. या पुस्तकाला व्यक्तिचित्रं म्हणून सगळे मोकळे होतात. पण आमच्याकडे माणसाची गोष्ट सबंध कुणीच सांगत नाही. एखादी बाई रातोरात घर सोडून गेली, तर एसटी स्टँडवर एक कारण कळतं, सलूनमध्ये दुसरं. आणि खरं कारण दहा वर्षांनी लग्नाच्या पंगतीत कुणीतरी हळूच बोलून जातं. गावाला रहस्यकथा बाहेरून शिकवावी लागत नाही. या पुस्तकातला सुलतान पेडणेकर असो की जयवंतांची मृणाल, गुप्ते माणूस असाच तुकड्यातुकड्यांनी हाती देतात. नारळी-पोफळीच्या गहिवरात बुडालेलं बाकीचं कोकण-लेखन याच्यापुढे मला वाचवत नाही.

अशी दोन कपाटं बाहेरही असतात. आयर्लंडच्या कादंबरीकार जॉन बॅनव्हिलना 2005 साली 'द सी'साठी बुकर मिळालं. पुढच्याच वर्षी त्यांनी बेंजामिन ब्लॅक या नावाने 'क्रिस्टीन फॉल्स' काढली. त्यात 1950च्या दशकातलं डब्लिन आणि शवविच्छेदन करणारा क्वर्क. दोन प्रकारच्या लेखनाला दोन नावं. पण 2020 साली 'स्नो' ही रहस्यकादंबरी त्यांनी स्वतःच्याच नावावर छापली. म्हणजे मधली भिंत त्यांनीही अखेर पाडलीच. गुप्ते यांनी ती मुळात बांधलीच नाही. बांधली आपण.

आणि ही आपली जुनीच खोड आहे. रहस्यकथाकार बाबूराव अर्नाळकरांच्या पुस्तकांची संख्या तेवढी आपण सांगतो; पुस्तकांबद्दल बोलत नाही. नारायण धारपांच्या भयकथा वाचून ज्यांची झोप उडाली, तेच पुढे प्राध्यापक झाल्यावर धारपांचं नाव घेईनात. सुहास शिरवळकरांनी रहस्यकथा लिहिल्या आणि 'दुनियादारी'ही लिहिली. ते 2003 साली गेले आणि 2013 साली 'दुनियादारी'वर सिनेमा आला, तेव्हा कुठे अनेकांना हा लेखक आठवला. त्यांच्या संवादांतली चपळाई रहस्यकथेत घडली होती, हे तेव्हाही फारसं कुणी म्हणालं नाही. आता गुप्ते यांची बढती करून आपण पुन्हा तेच करतो आहोत. लेखक उचलून घ्यायचा आणि ज्या मातीत तो रुजला तिला हलकं म्हणायचं.

'हाकामारी' पोरांना घाबरवायची गोष्ट नव्हे. ओळखीच्या आवाजात हाक येते आणि ओ दिली की घात होतो, या समजुतीत आपल्याच माणसाच्या आवाजावर विश्वास ठेवावा की नाही, हा प्रश्न आहे. 'दंशकाल'मधल्या घरातही याहून वेगळा प्रश्न नाही. ही दोन पुस्तकं पाठोपाठ वाचून मग मला सांगा, साहित्य नेमकं कुठल्या पानावर सुरू झालं.

पुस्तकं परत करताना मी बाईंना म्हटलं, दोन्ही शेजारी शेजारी ठेवा. त्या म्हणाल्या, मग रजिस्टरमधला नंबर बदलावा लागेल.

बदलू या, म्हटलं.