टिकोचे सोनेरी पंख : लिओ लिओनींची चित्रपुस्तके आणि पाच वर्षांचे वाचक

मराठीत बालसाहित्याची समीक्षा बहुधा मोठ्यांनी मोठ्यांसाठी केलेली असते. भाषा सोपी आहे का, चित्रे आकर्षक आहेत का, मुलांवर संस्कार कोणते होतील, हे तिचे ठरलेले प्रश्न. पुस्तक ज्याच्यासाठी लिहिले त्या वाचकाने ते कसे वाचले, हे सहसा विचारले जात नाही. विचारलेच तर ‘मुलांना फार आवडले’ एवढ्यावर आपले समाधान होते. परंतु लहान मूल पुस्तकाचा अर्थ लावते, प्रसंगी लेखकाच्या विरुद्ध उभे राहते. याचा पुरावा पाहायचा तर लिओ लिओनी यांची चित्रपुस्तके आणि शिकागोतील एका बालवर्गाच्या शिक्षिकेचे लेखन शेजारी ठेवून वाचावे.

लिओनी (१९१०–१९९९) जन्माने ॲमस्टरडॅमचे. ‘फॉर्च्यून’ मासिकाचे कलासंचालक म्हणून त्यांनी नाव कमावले. चित्रपुस्तकांकडे ते पन्नाशीच्या उंबरठ्यावर वळले. रेल्वेप्रवासात नातवंडांना रमवण्यासाठी त्यांनी मासिकाच्या पानाचे रंगीत तुकडे फाडून गोष्ट रचली आणि त्यातून १९५९ साली ‘लिटल ब्लू अँड लिटल यलो’ हे पुस्तक झाले. पुढे ‘स्विमी’ (१९६३), ‘टिको अँड द गोल्डन विंग्ज’ (१९६४), ‘फ्रेडरिक’ (१९६७) आली. या पुस्तकांतून एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो : वेगळा असणारा एक आणि त्याच्याभोवतीचा कळप यांचे जमायचे कसे?

विवियन गसिन पेली (१९२९–२०१९) शिकागो विद्यापीठाच्या लॅबोरेटरी स्कूल्समध्ये बालवर्गाला शिकवत. मुलांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून ते पुन्हा ऐकायचे आणि त्यावर लिहायचे, ही त्यांची पद्धत. त्यांच्या ‘वॉलीज स्टोरीज’ (१९८१) या पुस्तकात टिकोवरची चर्चा आहे. टिको हा पंख नसलेला पक्षी. त्याला सोन्याचे पंख मिळतात आणि मित्र त्याला सोडून जातात. मग तो एकेक सोनेरी पीस गरजूंना देऊन टाकतो. त्या जागी काळी पिसे उगवतात, आणि तो इतरांसारखा दिसू लागल्यावर कळप त्याला जवळ करतो. पेलींना हा अन्याय वाटला. स्वीकारले जाण्यासाठी वेगळेपण का सोडावे? मुलांना मात्र त्यात अन्याय दिसेना. सोनेरी पंखांचा टिको स्वतःला इतरांहून थोर समजत होता, काळ्या पंखांचा टिको अधिक चांगला, असे त्यांचे म्हणणे होते. बाईंनी आपली बाजू मांडूनही ती हलली नाहीत.

मुलांना गोष्ट कळली नाही, असे म्हणून हा प्रसंग बाजूला सारता येईल. पण पुस्तक पुन्हा उघडले की वेगळेच दिसते. सुरुवातीच्या छोट्या प्रस्तावनेनंतर सारी कथा टिकोच्याच तोंडून येते. कळपाची बाजू सांगणारे तिथे कोणी नाही. तरीही एका गोष्टीची कबुली टिको स्वतःच देतो : पंख नव्हते तेव्हा याच मित्रांनी त्याला फळे आणून खाऊ घातली होती. म्हणजे पेलींना जो कळप असहिष्णू दिसला, त्यानेच एका दुबळ्याला सांभाळले होते. मुलांनी हे कारण दिले असे नाही; परंतु त्यांच्या निवाड्याला आधार संहितेतच आहे. निवेदकाचे म्हणणे जसेच्या तसे न स्वीकारणे, ही प्रौढ वाचकाची जाण आपण मानतो. इथे ती पाच वर्षांच्या वाचकांपाशी दिसते. त्यांच्या विरोधामुळे लिओनींच्या कथेतली खरी ताण असलेली जागा उघडी पडते. कथेच्या शेवटी टिको सर्वांसारखा होतो आणि मनातून वेगळाही राहतो. लेखकाने दोन्ही बाजू राखल्या आहेत, निकाल दिलेला नाही.

‘द गर्ल विथ द ब्राउन क्रेयॉन’ (१९९७) हे पुस्तक पेलींच्या अध्यापनातील शेवटच्या वर्षाचे. त्या वर्षी सारा वर्ग लिओनींच्या पुस्तकांत बुडून गेला. त्याला कारण ठरली रीनी ही पाच वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी. तपकिरी खडूने ती स्वतःचे नाचणारे चित्र काढते आणि ही मीच, असे सांगते. इतर उंदीर हिवाळ्यासाठी दाणे साठवत असताना फ्रेडरिक सूर्यकिरण, रंग आणि शब्द गोळा करतो. रीनीला तो आपल्यासारखा वाटतो, कारण रंग आणि शब्द यांचाच विचार तीही करत असते. इतर राबत असताना बसून राहणारा उंदीर चांगला कसा, या शंकेपुढे ती त्याची बाजू घेते. टिकोच्या वेळी मुले कळपाकडून बोलली. इथे एक मुलगी एकट्याच्या बाजूने बोलते. वर्ग वेगळे, वर्षे वेगळी, लेखक एकच. ‘मुलांना असे वाटते’ हे एकवचनी विधान या दोन नोंदींपुढे टिकत नाही.

अर्थात या पुराव्याला मर्यादा आहेत. मुलांचे बोलणे आपल्यापर्यंत शिक्षिकेने निवडून, जुळवून आणले आहे. शाळा विद्यापीठाची, वर्ग बोलका, आणि त्याला चर्चेसाठी भरपूर वेळ मिळालेला. तरी पेली स्वतःचे मत लपवत नाहीत आणि मुलांचा विरोध गाळतही नाहीत. म्हणूनच त्यांच्या नोंदी तपासता येतात, त्यांच्याशी असहमत होता येते.

आपल्यासाठी हे महत्त्वाचे का? मराठीतील मुद्रित बालवाङ्मयाच्या अगदी आरंभीच सदाशिव काशीनाथ छत्रे यांची ‘इसापनीतिकथा’ (१८२८) उभी आहे. तात्पर्य शोधण्याची सवय आपल्या वाचनात तेव्हापासून मुरली. मुंगी आणि टोळाच्या गोष्टीत टोळ चुकलाच, हे आधीच ठरलेले असते. ‘फ्रेडरिक’मध्ये लिओनी तीच मांडणी उलटी करतात : दाणे संपतात तेव्हा गाणाऱ्याचा साठा उपयोगी पडतो. पण ही गोष्ट सांगून झाल्यावर आपण ‘यातून काय शिकलात?’ असे विचारले, तर एका तात्पर्याच्या जागी दुसरे येईल, इतकेच. मुंगीऐवजी कवीचे कौतुक पाठ होईल.

माधुरी पुरंदरे यांच्यासारख्या लेखिका-चित्रकारांमुळे तात्पर्याचे ओझे नसलेली चित्रपुस्तके मराठीत आली आहेत. अशी पुस्तके वाचली जातात तेव्हा मुले कोणत्या चित्रावर थांबली, कुणाची बाजू घेतली, कुठे ‘हे बरोबर नाही’ म्हणाली, हे शिक्षकांनी, ग्रंथपालांनी, पालकांनी मुलांच्याच शब्दांत, तारखेनिशी लिहून ठेवावे. त्याला खर्च लागत नाही. लागतो तो ऐकून घेण्याचा संयम. समीक्षकाने त्या नोंदी कौतुकाचे किस्से म्हणून न वापरता संहितेशी ताडून पाहाव्यात. टिकोने पंख द्यायला हवे होते की नको, यावर शिक्षिका आणि तिचा वर्ग यांचे एकमत झाले नाही. तो वाद जपून ठेवला गेला, म्हणूनच आज आपल्याला त्या पुस्तकाकडे पुन्हा नीट पाहता येते.