गोष्टीतील भाषा आणि भाषेसाठी गोष्ट

गिजुभाई बधेका यांचे ‘वार्तानुं शास्त्र’ हे गुजराती पुस्तक शिक्षणशास्त्राच्या कपाटात पडून राहिले आहे. साहित्याच्या अभ्यासकांनी ते सहसा हाती घेतलेले नाही, आणि हा त्या ग्रंथावर अन्याय आहे. भावनगरच्या दक्षिणामूर्ति संस्थेत १९२० साली बालमंदिर उघडणारे गिजुभाई मूळचे वकील. पुढे ते मॉण्टेसरीबाईंचे अनुयायी झाले. कथेच्या बाबतीत मात्र त्यांनी गुरूची वाट सोडली. अद्भुत कथांविषयी बाई साशंक होत्या. बालकास आधी वास्तवाची ओळख व्हावी, असा त्यांचा आग्रह. गिजुभाईंनी बाईंची साधने स्वीकारली, पण राजाराणीला बालमंदिराचे दार बंद केले नाही.

कथेचे पहिले प्रयोजन आनंद; भाषा येते ती त्या आनंदाच्या मागून, ही त्यांची भूमिका. ‘दिवास्वप्न’मधील लक्ष्मीराम मास्तर चौथीच्या वर्गावर आधी शांतीचा खेळ लादू पाहतात आणि फसतात, गोष्ट सुरू होताच तीच दंगेखोर मुले स्थिर होतात. वाचन, नाट्य, व्याकरण हे सारे त्यानंतरचे. हा क्रम महत्त्वाचा आहे. आजकाल मुद्दाम बेतलेल्या ‘भाषिक’ गोष्टींत तो नेमका उलटा झालेला दिसतो: आधी शब्दांची यादी, मग त्या यादीला शोभेल असा ससा.

पुनरुक्ती दोहोंतही असते, परंतु एकीला कारण असते आणि दुसरीला नसते. चिऊकाऊच्या गोष्टीत कावळा पुन्हा पुन्हा हाक मारतो, कारण दार उघडत नाही आणि पाऊस थांबत नाही. चिमणीची प्रत्येक सबब नवी, पण वाक्याचा साचा जुनाच. ऐकणारे मूल चौथ्या खेपेस ते वाक्य स्वतःच पुरे करते. या एवढ्याशा कथेत मराठीची तिन्ही लिंगे आहेत: कावळा ओरडतो तो, चिमणी ऐकते ती, आणि वाहून जाते ते घर. हिंदीत नपुंसकलिंग नाही. म्हणून इंदूर-ग्वाल्हेरकडील मुलास ‘ते घर’ कानांवर वारंवार पडणे अगत्याचे. कन्नडमध्ये पशुपक्षी व्याकरणदृष्ट्या बहुधा नपुंसकच. बेळगावच्या कन्नडभाषी बालकास कावळ्याचे पुंस्त्व आणि चिमणीचे स्त्रीत्व हीच नवलाई. नियम सांगून हे साधण्यास वर्ष लागेल, आणि तरीही जिभेवर बसेलच असे नाही. भोपळ्यात बसून लेकीकडून परतणारी म्हातारी तर भविष्यकाळाची उत्तम शिक्षिका आहे. वाघाला ती जे जे सांगते ते सारे पुढे घडावयाचे असते.

गिजुभाईंच्या विवेचनातील उणीव येथेच जाणवते. सांगणारा आणि ऐकणारा एकभाषी आहेत, हे त्यांनी गृहीत धरले. त्यांच्या भावनगरात ते स्वाभाविकच होते. बडोद्यातील मराठी घरात मात्र आजी मराठीत सांगते आणि नातू मध्येच गुजरातीत विचारतो. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांच्यापुढे हा प्रश्न दुसऱ्या रूपाने उभा राहिला असणार. १९२६ च्या नूतन बालशिक्षण संघानंतर त्यांनी १९३६ मध्ये दादरला शिशुविहार चालविले, १९४५ मध्ये बोर्डी गाठली आणि १९५७ मध्ये कोसबाड. पाड्यावरची वारली बोली आणि पुस्तकातील मराठी यांतील अंतर तेथे रोजचेच. बोलीतून प्रमाणभाषेकडे जाणारी वाट आणि परभाषेतून घरच्या भाषेकडे येणारी वाट एकच नव्हे. तरी ताराबाईंच्या कार्याचे या अंगाने परीक्षण व्हावयास हवे, कारण आमच्या प्रांतांबाहेरील मराठीला उपयोगी पडेल असे काही असलेच, तर ते दादरपेक्षा कोसबाडलाच अधिक सापडेल.

राहिला नातवाचा प्रश्न. तो गुजरातीत विचारील तर आजीने मराठीत उत्तर द्यावे आणि पुढे सांगू लागावे. त्याचे वाक्य सुधारण्यासाठी गोष्ट थांबविणे आम्हांस मान्य नाही. कावळा आधीच पुरेसा भिजलेला असतो.