टिळकांचे घर आणि ठोंबरे

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’वर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांची घरगुती भाषा, स्वतःवरच हसण्याची वृत्ती, पतीविषयीचा त्यांचा निर्भीड जिव्हाळा यांची वाखाणणी समीक्षकांनी मुक्तकंठाने केली. परंतु १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाकडे तरुण मुलांत काम करणाऱ्यांनी वाचावयाचे पुस्तक म्हणून क्वचितच पाहिले गेले असावे. घोडेगावी बसून आम्ही तो पुन्हा वाचला, तेव्हा ठोंबऱ्यांविषयीच्या पानांशी आम्ही रेंगाळलो. त्या पानांनी आम्हांस थोडे अस्वस्थही केले. ते का, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

ठोंबरे म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोंबरे, अर्थात बालकवी. जन्म १८९० चा. १९०७ साली जळगावी भरलेल्या कविसंमेलनात अध्यक्ष डॉ. कीर्तिकर यांनी त्यांना ‘बालकवी’ ही पदवी दिली, त्या वेळी त्यांचे वय अवघे सतरा. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा लोभ त्यांना लाभला आणि पुढे काही काळ ते नगरला टिळकांच्या घरी राहिले. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला होता. १९०४ पासून ते अमेरिकन मराठी मिशनचे दीक्षित उपदेशक होते. अशा माणसाच्या घरी एका ब्राह्मण कुटुंबातील मुलाने राहावे, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. आणि तो मुलगा त्या घरी कवी म्हणून आला व कवी म्हणूनच बाहेर पडला. ठोंबरे ख्रिस्ती झाले नाहीत, आणि म्हणून टिळकांची माया आटली नाही.

मिशनकार्याच्या अहवालात या गोष्टीस कोणत्या रकान्यात जागा मिळाली असती? बहुधा कोणत्याच नाही. लक्ष्मीबाईंच्या लेखणीने मात्र तिला मानाची जागा दिली. त्या ठोंबऱ्यांचा आदर्श शिष्य करीत नाहीत, की टिळकांचा आदर्श गुरू. घरात एक हळवे, लहरी, बुद्धिमान पोर वावरते आहे आणि त्याला सांभाळून घेतले पाहिजे, एवढेच त्या जाणतात. ‘विश्वास संपादन करणे’ हा शब्दप्रयोग त्यांच्या स्वप्नातही आला नसेल. विश्वास तेथे स्वयंपाकघरातून आणि थट्टामस्करीतून आपोआप उगवतो.

आमच्या मते या चित्रणाचे खरे बळ दोन गोष्टींत आहे. पहिली अशी, की लक्ष्मीबाई टिळकांचे दोष झाकीत नाहीत. त्यांचा शीघ्रकोप, पैशाचा बेहिशेब, घरात काय आहे-नाही हे न पाहता देऊन टाकण्याची सवय, सारे पानोपानी येते. मोठ्यांनी कायम परीटघडीचे दिसले पाहिजे, अशी समजूत गुरुविद्यालयातून बाहेर पडताना आम्हीही बरोबर आणली होती. ‘स्मृतिचित्रे’ वाचून वाटते, की ज्याचे दोष डोळ्यांसमोर आहेत, आणि ज्याला ते कबूल करताना लाज वाटत नाही, त्याच्याजवळच मूल आपले मन उघडे करते.

दुसरी गोष्ट अधिक खोल आहे. टिळकांच्या बाप्तिस्म्यानंतर लक्ष्मीबाईंनी स्वतः बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली. मधली पाच वर्षे वियोगाची, अपमानाची आणि अंतर्यामीच्या झगड्याची होती. जातिभेदाची गाठ त्यांच्या मनात हळूहळू, त्यांच्या स्वतःच्या विचाराने सुटली. ती कोणी ओढून सोडवली नाही. म्हणजे ठोंबरे ज्या घरात आले, ते घर वाट पाहण्याची विद्या आधीच, फार मोठी किंमत देऊन शिकलेले होते. नवराही बायकोचे मन ओढून आणू शकत नाही, हे ज्या छपराखाली कळले, तेथे परक्याच्या मुलाला ओढण्याचा मोह कसा होणार?

आता आमच्याकडे पाहू. घोडेगावच्या कांदा बाजारात सुट्टीच्या दिवसांत गोण्या उचलणारी पंधरा-सोळा वर्षांची मुले दिसतात. त्यांतील काही रविवारी मिस्सेला येतात, काही दृढीकरणानंतर दिसेनाशी होतात. आम्ही शिबिरे भरवली, बायबल प्रश्नमंजूषा घेतल्या, बक्षिसे वाटली आणि हजेरीपट नीट ठेवला. असाच एक मुलगा येईनासा झाला. रस्त्यात भेटला तेव्हा आम्ही कारण विचारले. तो खाली मान घालून म्हणाला, “फादर, तुम्ही हजेरी घेता, चौकशी करीत नाही.” त्याच्या घरी काही महिन्यांपासून वडील नव्हते. हजेरीपटात तेवढी नोंद नव्हती.

अम्माऊसच्या वाटेवर प्रभू येशूने त्या दोन खिन्न शिष्यांना आधी प्रश्न विचारला, त्यांचे ऐकून घेतले आणि मगच शास्त्र उलगडले. २०१८ च्या युवकविषयक सिनडने आणि पाठोपाठ २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी ‘ख्रिस्तुस व्हिव्हिट’ या पत्रात हाच प्रसंग पुढे ठेवला. आम्ही मात्र बहुधा शास्त्रापासूनच आरंभ करतो.

दोन मर्यादा नोंदवणे प्राप्त आहे. टिळकांचे घर हे घर होते. तेथे लक्ष्मीबाईंची नजर होती, मुलेबाळे होती, येणारेजाणारे होते. धर्मगुरूची खोली म्हणजे तसे घर नव्हे. ख्रिस्तसभेत अल्पवयीनांवर झालेले अत्याचार उघडकीस आल्यानंतर, पालकांना ठाऊक नसलेली जवळीक विश्वासाच्या नावाने खपवता येणार नाही. दार उघडे असावे, हाच त्या घराचा आजचा अर्थ. दुसरे असे, की ५ मे १९१८ रोजी भादली स्थानकानजीक रेल्वेखाली सापडून ठोंबरे गेले. वय सत्तावीस. प्रेमाच्या घरातून गेलेले मूल सुखरूप राहीलच, अशी हमी ग्रंथ देत नाही.

तरीही ती पाने वाचताना एक प्रश्न मागे उरतो. आमच्याकडून काहीही न स्वीकारता निघून जाणाऱ्या मुलाविषयी, लक्ष्मीबाईंनी लिहिले तशा मायेने, आम्हांस चार ओळी लिहिता येतील काय? ज्या दिवशी येतील, त्या दिवशी हजेरीपट थोडा रिकामा राहिला तरी चालेल.