मसाला हा एक घटक की अठरा?

गेल्या वर्षी मे महिन्यात मी मढला घरी होते. मे म्हणजे आमच्याकडे सगळी घाई एकदम येते. एक जूनपासून मासेमारी बंद, त्यामुळे सुकी मासळी भरून ठेवायची, आणि पाऊस यायच्या आत वर्षभराचा मसाला कांडून आणायचा. अंगणात एका बाजूला बांबूवर बोंबील, दुसऱ्या बाजूला चटईवर मिरच्या. मी वही आणि डिजिटल वजनकाटा घेऊन आतेच्या शेजारी बसले आणि तिच्या मसाल्यातली प्रत्येक वस्तू मोजून लिहून काढली. एक किलो मिरची, त्यात अर्धा किलो बेडगी, पाव किलो काश्मिरी, पाव किलो संकेश्वरी. धने पाव किलो. मग हळकुंड, जिरे, शहाजिरे, मोहरी, मेथी, लवंग, दालचिनी, काळी मिरी, मसाला वेलची, जायपत्री, चक्रीफूल, दगडफूल, तमालपत्र, हिंग. एकूण अठरा जिन्नस. शेवटी एक ओळ लिहिली: ‘सर्व भाजून कुटणे.’

होस्टेलवर परत आल्यावर त्याच वजनांनी, दहावा हिस्सा करून, मसाला केला. कडू झाला. मेथी जळली होती, धने कच्चे होते, आणि दगडफुलाचा तर पत्ताच लागत नव्हता. यादी बरोबर होती, वजनं दशांश चिन्हापर्यंत बरोबर होती, फक्त मसाला आतेचा नव्हता.

हे सगळं इथे सांगायचं कारण म्हणजे एक पेपर. आमच्या ग्रुपमध्ये तो वाचायला माझ्याकडे आला, आणि पीएच.डी.ला बसणाऱ्या प्रत्येकाने तो एकदा वाचावा असं मला वाटतं. चांगला आहे म्हणून वाचावा, आणि कुठे अपुरा पडतो ते नीट दिसतं म्हणूनही वाचावा.

आयआयटी जोधपूरच्या अनुपम जैन, राखी एन. के. आणि गणेश बागलर यांचं हे काम २०१५ सालचं. आधी ते अर्काईव्हवर आलं, मग प्रादेशिक पाकशैलींवरचा भाग ‘प्लॉस वन’मध्ये. कल्पना त्यांची मूळची नाही, आणि तसं ते सांगतातही. २०११ साली आन आणि सहकाऱ्यांनी ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’मध्ये साधारण ५६ हजार पाककृती घेऊन एक प्रश्न विचारला होता: ज्या दोन पदार्थांत सुगंधी रेणू सामाईक असतात, ते एकत्र चांगले लागतात असं शेफ लोक म्हणतात, ते पाककृतींत दिसतं का? उत्तर आलं की उत्तर अमेरिकेच्या पाककृतींत दिसतं, पूर्व आशियाच्या पाककृतींत उलटं दिसतं. जोधपूरच्या मंडळींनी तोच प्रश्न भारतीय पाककृतींना विचारला.

पद्धत अगदी सोपी आहे. एक पाककृती घ्या. तिच्यातल्या घटकांच्या सगळ्या जोड्या पाडा. प्रत्येक जोडीत किती सुगंधी रेणू सामाईक आहेत ते मोजा, सरासरी काढा. मग सगळ्या पाककृतींची सरासरी. ही संख्या एकटी काहीच सांगत नाही, म्हणून तुलनेसाठी संगणकावर खोट्या पाककृती बनवायच्या: तितकेच घटक, पण चिठ्ठ्या टाकून निवडलेले. खऱ्या पाककृतींची सरासरी या खोट्यांपेक्षा जास्त आली तर जोड्या ‘सारख्याला सारखं’ अशा, कमी आली तर ‘सारखं टाळून’.

तरला दलाल यांच्या संकेतस्थळावरच्या २,५४३ पाककृती आणि १९४ घटक तपासून त्यांना सरासरी कमी मिळाली. महाराष्ट्रीय धरून आठही प्रादेशिक शैलींत कमी. पुढे त्यांनी एक छान प्रयोग केला. पाककृतीतले फक्त मसाल्याचे जिन्नस बदलून त्यांच्या जागी दुसरे कुठलेही मसाल्याचे जिन्नस घातले, तर हा आकृतिबंध नाहीसा होतो. भाज्या किंवा डाळी तशा बदलल्या तर फारसा हलत नाही. म्हणून निष्कर्ष असा की भारतीय पाककृतींतल्या जोड्यांचा पाया मसाले आहेत. वर्तमानपत्रांनी याचं ‘भारतीय जेवण चविष्ट का, शास्त्रज्ञांना उलगडलं’ असं केलं, तो दोष लेखकांचा नाही. चव कोणी चाखलेलीच नाही या पेपरात.

आता माझी पहिली अडचण. आमच्या घरचं बोंबलाचं कालवण घ्या. मीठ-पाणी सोडलं तर बोंबील, लसूण, चिंच, तेल आणि दोन चमचे मसाला. पाच घटक, जोड्या दहा. पण मसाल्याची पुडी उघडली तर? चार अधिक अठरा, बावीस घटक. जोड्या २३१. त्यांतल्या १५३ जोड्या पूर्णपणे मसाल्याच्या आत आहेत, म्हणजे ६६ टक्के. बोंबलाचा ज्यात संबंध येतो अशा जोड्या फक्त २१. तिन्ही मिरच्या एकच धरल्या तरी १९० पैकी १२० जोड्या मसाल्याच्याच राहतात.

म्हणजे एकाच वाटीतल्या कालवणाची सरासरी, मसाला ‘एक घटक’ धरला तर एक आणि ‘सोळा’ किंवा ‘अठरा’ धरला तर दुसरीच. पहिल्या हिशोबात ते माशाचं कालवण आहे. दुसऱ्या हिशोबात ते मसाल्याचं कालवण आहे, ज्यात चुकून एक मासा पडलाय. यातला कुठला हिशोब खरा हे गणित सांगणार नाही. ते स्वयंपाकघराने सांगायचं, आणि स्वयंपाकघराचं उत्तर साधं आहे: कालवण करणाऱ्या बाईच्या हातात त्या दिवशी अठरा निर्णय नसतात, एक असतो. मे महिन्यात अठरा निर्णय एकदाच होतात आणि वर्षभर बरणीत बसतात. मुंबईत जे बाहेरून कांडून आणतात, लालबागच्या मिरची गल्लीतून वगैरे, त्यांचंही तसंच. निवड दोन वेगवेगळ्या दिवशी, बऱ्याचदा दोन वेगवेगळ्या माणसांकडून झालेली असते, आणि डेटात ती एका ओळीत सपाट होते.

मसाले बदलले की आकृतिबंध मोडतो, या निष्कर्षाकडेही मी याच कारणाने थोडं सावध बघते. ज्या गटाकडे जास्त जोड्या आहेत तो गट हलवला की सरासरी जास्त हलणारच. ‘पाया’ हा शब्द वापरायच्या आधी, प्रत्येक गटाच्या वाट्याला किती जोड्या येतात त्या प्रमाणात परिणाम भागून दाखवला असता तर माझं समाधान झालं असतं.

इथे लेखकांच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती बातम्यांत अजिबात आली नाही. त्यांनी खोट्या पाककृती एकाच प्रकारे बनवल्या नाहीत. एका प्रकारात प्रत्येक घटक खऱ्या पाककृतींत जितक्या वेळा येतो तितक्याच वेळा खोट्यांतही येईल असं बघितलं. असं केल्यावर खऱ्या-खोट्यातला फरक बराचसा मिटतो. याचा अर्थ नीट लावा. आकृतिबंधाचा मोठा भाग ‘कोण कोणाबरोबर’ यातून येत नाही, ‘कोण किती वेळा’ यातून येतो. हळद, मिरची, जिरे सगळीकडे असतात, झालं. आपल्याच आकर्षक निष्कर्षातली हवा काढणारा कंट्रोल स्वतः चालवून छापणं याला हिंमत लागते. मला हा त्या पेपरातला सर्वांत चांगला भाग वाटतो, आणि मुलाखतीत तुम्हाला ‘कंट्रोल का?’ असं विचारलं तर हेच उदाहरण द्या.

दुसरी अडचण जास्त खोल आहे, आणि ती माझ्या कडू मसाल्याची आहे. रेणूंच्या याद्या ग्रंथांतून येतात: मोहरीत हे, लसणीत ते. पण मोहरीचा झणझणीतपणा ज्या रेणूमुळे आहे, अलाइल आयसोथायोसायनेट, तो अख्ख्या दाण्यात जवळपास नसतोच. दाणा फुटला, ओलावा मिळाला, की आतलं एन्झाइम काम करतं आणि मग तो तयार होतो. आधी भाजून घेतलं तर एन्झाइम मरतं, मग कितीही कुटा. लसणीचंही तसंच, ॲलिसिन ठेचल्यावर जन्माला येतं. कालवणात अख्ख्या पाकळ्या टाकल्या की ठेचून, यादीत दोन्ही वेळा ‘लसूण’च. जिरे भाजले की पायराझिन गटातले रेणू तयार होतात, जे कच्च्या जिऱ्याच्या वासात नसतात. दगडफूल हे तर फूलही नाही, ते दगडाखोडांवर वाढणारं शैवाक. कोरडं हुंगलं तर जुन्या कपाटासारखा वास, आणि गरम तेलात पडलं की एकदम उघडतं. मी ते बाकीच्यांबरोबर कोरडंच परतलं होतं. आते प्रत्येक जिन्नस वेगळा भाजते, दगडफूल आणि खडा हिंग तेलात, मेथी सर्वांत शेवटी आणि विस्तव काढल्यावर, तव्याच्या उरलेल्या धगीवर. हे मी डोळ्यांनी बघत होते. लिहिलं नाही, कारण माझ्या वहीत त्याला रकानाच नव्हता.

आणि तिखटपणा हा मुळात वास नाही. कॅप्सेसिन नाकाला कळत नाही, ते जिभेवर जाळ होऊन कळतं. बेडगी रंगासाठी, संकेश्वरी तिखटासाठी, हा आमच्या मसाल्यातला सर्वांत पहिला आणि सर्वांत वादाचा निर्णय (घरात दर वर्षी भांडण होतं), आणि सुगंधी रेणूंच्या सामाईकपणात तो दिसायला जागाच नाही.

प्रमाणाचंही तेच. या मोजणीत घटक एक तर आहे किंवा नाही. पाव किलो धने आणि दहा ग्रॅम जायपत्री यांना सारखंच मत. ‘रुचिरा’त कमलाबाई ओगल्यांनी १९७० साली वाटी-चमच्याचं माप दिलं, त्याला विज्ञानाचे विद्यार्थी कधीकधी हसतात. पण वाटी म्हणजे गुणोत्तर. वाटी लहान-मोठी असली तरी एकास अर्धा हे टिकतं. २,५४३ पाककृतींच्या डेटात ते गुणोत्तर नाही. एका गृहिणीच्या पुस्तकात आहे. हसायचं कोणाला ते ठरवा.

तिसरी गोष्ट थोडक्यात. तरला दलाल यांची ओळख शाकाहारी स्वयंपाकाची. त्यांच्या संकेतस्थळावरून ‘महाराष्ट्रीय’ नावाचा गट काढला तर तो महाराष्ट्राच्या कुठल्या स्वयंपाकघरांकडे झुकेल हे सांगायला संख्याशास्त्र लागत नाही. मढचा कोळीवाडा सोडा, एरंगळच्या ईस्ट इंडियन घरात बाटल्यांमध्ये भरून ठेवतात तो बॉटल मसालाही तिथून दिसणं कठीण. (बाटल्या गडद काचेच्या घेतात, बिअरच्या. हळदीचा रंग उजेडाने उडतो, त्यामुळे ही गंमत नाही, चांगली साठवण आहे.) उपलब्ध डेटा घेणं हा गुन्हा नाही, मीही तेच करते. पण मग शीर्षकात ‘भारतीय’ लिहिताना हात थोडा अडखळायला हवा.

तर माझं मत असं. पाककृतींच्या याद्यांबद्दलचा पेपर म्हणून हे काम प्रामाणिक आणि नीटस आहे. डेटा मिळवून एखादा एम.एस्सी.चा विद्यार्थी महिन्याभरात ते पुन्हा करून बघू शकतो, आणि हे मी कौतुकाने म्हणतेय. चवीबद्दलचा पेपर म्हणून ते अर्ध्या वाटेवर थांबतं, कारण मसाला हे जिन्नसांचं नाव नाही, जिन्नसांचं काय केलं त्याचं नाव आहे. माझा स्वतःचा पहिला मसुदाही, म्हणजे ती वही, नेमक्या त्याच जागी थांबली होती. आमच्या लॅबमध्ये कोणी मेथड्समध्ये ‘नमुना तापवला’ एवढंच लिहिलं तर मी लाल पेनाने किती अंश, किती मिनिटं असं विचारते. घरी मात्र ‘सर्व भाजून’ लिहून मोकळी झाले.

यंदा वहीत वजनाच्या पुढे चार रकाने वाढवले: कोरडं की तेलात, कितवा नंबर, विस्तव किती, आणि थांबायचं कधी. पहिले तीन भरले. चौथ्यात आतेने धन्यांसाठी सांगितलं की हाताला हलके लागले की काढायचे, आणि मेथीसाठी, की शेजारीण दारात येऊन ‘मेथी टाकली काय?’ म्हणाली की झालं. धन्यांचं मी काट्यावर करून पाहिलं. भाजण्याआधी २५०, नंतर २३८. ओलावा गेला, म्हणून हलके. शेजारणीचं काय लिहायचं ते अजून ठरलेलं नाही, रकाना रिकामा आहे.