शीर्षकाचा उत्तरार्ध : कॉस यांचा ग्रंथ आणि पेशीनिदानशास्त्राचे पदव्युत्तर अध्ययन

लिओपोल्ड कॉस (१९२०–२०१२) यांचा ‘डायग्नॉस्टिक सायटॉलॉजी अँड इट्स हिस्टोपॅथॉलॉजिक बेसेस’ हा ग्रंथ १९६१ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाला. पुढे मायरन मेलामेड यांच्या सहकार्याने सिद्ध झालेली त्याची पाचवी आवृत्ती २००६ मध्ये निघाली. पेशीनिदानशास्त्राच्या अभ्यासात या ग्रंथाचे स्थान निर्विवाद आहे. तथापि तो ज्या रीतीने अभ्यासिला जातो, ती रीत ग्रंथकाराच्या भूमिकेशी विसंगत आहे. शीर्षकाचा पूर्वार्ध विद्यार्थ्याच्या हाती लागतो. ‘ऊतिविकृतीचा पाया’ हा उत्तरार्ध मात्र सुटून जातो.

वस्तुतः ग्रंथाचे सारे बळ या उत्तरार्धातच आहे. पपानिकोलाऊ व ट्राउट यांनी १९४३ च्या प्रबंधात स्रावातील सुट्या पेशींवरून गर्भाशयाचा कर्करोग ओळखता येतो, हे मांडले. कॉस यांनी ती पेशी ज्या ऊतीतून सुटली, त्या ऊतीकडे बोट दाखविले. केंद्रकाचा वाढलेला आकार, रंजितद्रव्याची विस्कटलेली मांडणी, केंद्रक व पेशीद्रव्य यांचे बदललेले गुणोत्तर ही लक्षणे ऊतीत काय घडते आहे हे ठाऊक नसेल, तर केवळ पाठ करावयाची चिन्हे ठरतात. केंद्रकाभोवती पोकळ वलय असलेल्या ‘कॉइलोसाइट’ पेशीचे वर्णन कॉस व ग्रेस डर्फी यांनी १९५६ मध्ये केले. तिचा पॅपिलोमा विषाणूशी असलेला संबंध माइझेल्स व फोर्टिन यांनी दाखविला तो १९७६ मध्ये. कारण अज्ञात असताना केलेले वर्णन वीस वर्षांनी खरे ठरावे, हे पेशी आणि ऊती शेजारी ठेवून पाहिल्याचे फळ होय.

ग्रंथाची मर्यादा त्याच्या चित्रांत आहे. चित्र हे निवडलेले असते. प्रत्यक्ष काचपट्टीवर हजारो प्राकृत पेशी, रक्त, दाह आणि सदोष स्थिरीकरण यांच्या गर्दीत विकृत पेशी मोजक्याच असतात. चुका होतात त्या या गर्दीत, चित्रातील पेशी ओळखताना नव्हेत. कॉस यांना याची पुरेपूर जाणीव होती. १९८९ मधील त्यांच्या एका लेखाच्या शीर्षकातच पॅप चाचणीला विजय आणि शोकांतिका असे दोन्ही म्हटले आहे. अमेरिकेत १९८८ च्या कायद्यान्वये एका तंत्रज्ञाने चोवीस तासांत १०० हून अधिक काचपट्ट्या तपासू नयेत, असे बंधन आले, तेही थकलेला डोळा चुकतो म्हणूनच. हा डोळा घडविणे ग्रंथाच्या आवाक्याबाहेरचे आहे. ते काम अध्यापकाचे आहे, आणि नेमके तेच छायाचित्रांच्या उजळणीवर भागविले जाते.

व्यवसायाच्या दृष्टीने ही उणीव आता अधिक महाग पडते. उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यात सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांचा समावेश असलेल्या चाचणीचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. विषाणूच्या एकाच तपासणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू लक्षणीय प्रमाणात घटले. पेशीपरीक्षेच्या गटात तशी घट आढळली नाही. पुढे ऑस्ट्रेलियाने २०१७ मध्ये आणि इंग्लंडने २०१९ पर्यंत विषाणूतपासणीला प्राथमिक चाचणीचे स्थान दिले. कॉइलोसाइटमागच्या विषाणूनेच पॅप चाचणीला दुय्यम ठरवावे, हा योगायोग विलक्षण खरा; पण केवळ चाळणी-तपासणीसाठी तयार झालेल्या पदवीधराला त्यात कौतुक वाटण्याचे कारण नाही.

सुईने काढलेले थायरॉइड, लसिकाग्रंथी वा फुफ्फुसाचे नमुने यांचे क्षेत्र मात्र विस्तारत आहे. तेथे नमुना पुरेसा आहे की नाही, हे रुग्ण समोर असतानाच सांगावे लागते. फुफ्फुसाच्या कर्करोगात ईजीएफआर जनुकातील उत्परिवर्तने २००४ मध्ये उजेडात आल्यापासून निदानानंतर जनुकपरीक्षेसाठी नमुना राखून ठेवणे हेही पेशीतज्ज्ञाचे कर्तव्य झाले आहे. या बाबतीत २००६ ची आवृत्ती अपुरी पडते, हे मान्य करावे लागेल. परंतु पेशी पाहून ऊतीचा तर्क करण्याची जी शिस्त ती शिकविते, तिच्यावाचून हे निर्णय घेता येत नाहीत. प्रात्यक्षिक परीक्षेत मात्र अद्यापही उमेदवारापुढे बहुधा खूण केलेले क्षेत्र ठेवले जाते. अख्खी काचपट्टी, आणि उत्तर दिल्यावर त्याच रुग्णाची बायोप्सी, क्वचितच.